शिक्षणाचे कर्ज फिटत नसेल तर : नादारीचा अर्ज, ठाणे आणि नवी मुंबईतील कर्जदारांसाठी

शिक्षणासाठी घेतलेले कर्ज आता फिटणार नाही, तेव्हा दिवाळखोरी जाहीर करून त्यातून मोकळे होता येईल का, हा प्रश्न विचारायला येणाऱ्या मुलामुलींच्या हातात बहुतेक वेळा बँकेची शेवटची नोटीस असते आणि कर्जाचे मंजुरीपत्र मात्र घरी कपाटात राहिलेले असते. ठाण्यात कर्जदारांची कागदपत्रे वाचून त्यांना योग्य दारापर्यंत पोचवण्याचे काम मी काही वर्षे करत आहे, आणि माझा पहिला आग्रह नेहमी त्या कपाटातल्या कागदाचाच असतो. नोटिशीवरून किती रक्कम थकली ते कळते. त्या रकमेसाठी कोणकोण बांधलेले आहे, हे मंजुरीपत्र आणि करारनामा सांगतात, आणि नादारीचा, म्हणजे न्यायालयाकडून दिवाळखोर ठरवून घेण्याचा, अर्ज करण्यात अर्थ आहे की नाही हे त्याच उत्तरावर ठरते. वकिलाकडे जाण्याआधी आपल्याला काय माहीत असावे आणि कोणते कागद हातात असावेत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

कायदा कोणता लागतो

व्यक्तींच्या दिवाळखोरीविषयी आपल्याकडे सध्या मोठा गोंधळ आहे. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता सर्वांना ऐकून माहीत असते. त्या संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्यासाठी तरतुदी आहेत, परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झालेला आहे. नोकरदार, विद्यार्थी, छोटा व्यावसायिक अशा सर्वसामान्य व्यक्तीसाठी तो अजून लागू झालेला नाही. तुम्हाला लागतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे, पण ठाणे आणि नवी मुंबई त्याच्या हद्दीबाहेर येतात. त्यामुळे संहितेखाली अर्ज भरून देतो असे सांगून कोणी पैसे मागितले, तर त्याला इथेच थांबवावे.

जुना कायदा लागू असणे शैक्षणिक कर्जदाराच्या हिताचे आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असते. १९२० च्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये, न्यायालयाने नादाराला देण्यांतून मुक्तता दिल्यानंतरही कोणती देणी कायम राहतात, त्यांची यादी आहे. सरकारचे देणे, फसवणुकीने उभे केलेले देणे, फसवणूक करून ज्या देण्यासाठी सवलत मिळवली ते देणे, आणि पोटगीच्या आदेशाखालचे दायित्व. या यादीत शैक्षणिक कर्ज नाही. उलट २०१६ च्या संहितेच्या कलम ७९ मध्ये जी देणी मुक्ततेतून वगळलेली आहेत, त्यांत विद्यार्थी कर्जाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे संहितेचा तिसरा भाग जसाच्या तसा सर्वांना लागू झाला, तर आज उघडी असलेली ही वाट त्या दिवसापासून बंद होऊ शकते. घाईने अर्ज करावा असे मी म्हणणार नाही. मात्र अर्ज करण्याच्या दिवशी कोणता भाग लागू आहे, हे वकिलाकडून तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

इंटरनेटवर वाचून आलेले अनेक जण सांगतात की विद्यार्थी कर्ज दिवाळखोरीत माफ होतच नाही. ती माहिती अमेरिकेची असते. तिथे १९७६ पासून या कर्जांवर निर्बंध येत गेले, १९९८ मध्ये ठरावीक वर्षांनंतर मिळणारी सूट काढून टाकली गेली आणि २००५ मध्ये खासगी कर्जांचाही त्यात मोठ्या प्रमाणावर समावेश झाला. कर्ज फेडावे लागल्यास असह्य हलाखी ओढवेल, हे तिथे स्वतंत्र दाव्यात सिद्ध करावे लागते. तिथल्या सावकाराचे कर्ज घेऊन परतलेल्यांचा प्रश्न त्या देशाच्या कायद्यात अडकतो आणि त्याला तिथल्याच वकिलाचा सल्ला लागतो. इथल्या बँकेचे कर्ज घेऊन तिकडे शिकलेल्यांना मात्र पुढचे सगळे लागू आहे.

मंजुरीपत्रावर सह्या कोणाच्या आहेत

आता मूळ मुद्दा. बँक शैक्षणिक कर्ज देते तेव्हा आई किंवा वडील यांना सहकर्जदार म्हणून घेण्याची पद्धत आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, चार लाखांच्या पुढे साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीचा जामीन घेतला जातो आणि त्यापुढे घर किंवा ठेवीसारखे तारण मागितले जाते. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी केंद्र सरकारचा पतहमी निधीही, म्हणजे कर्ज थकल्यास बँकेला हमी देणारा निधी, आहे. त्या योजनेत बसणारे कर्ज तारण आणि तिसऱ्याचा जामीन न घेता दिलेले असते, तरीही पालकांची सही असतेच.

१९२० च्या कायद्याचे कलम ४४ हेही सांगते की एका कर्जदाराला मुक्तता मिळाली तरी त्याच्याबरोबर संयुक्तपणे बांधलेली व्यक्ती आणि त्याचा जामीनदार यांना ती मिळत नाही. मुलगा नादार ठरला आणि यथावकाश मोकळा झाला, तरी बँक त्याच दिवशी वडिलांकडे पूर्ण रक्कम मागू शकते. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे आधी मुलाकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असे जामीन राहिलेल्या काकांना म्हणता येत नाही.

कळव्यातल्या एका घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही असाच एक करारनामा उलगडला होता. शेवटच्या पानावर मुलाच्या सहीखाली वडिलांची सही होती, आणि तिच्या खाली वेगळ्या शाईत आईची. आईला ती सही कधी केली ते आठवत नव्हते, तिला फक्त शाखेत बसून चहा प्यायल्याचे आठवत होते. नादारीचा विचार मुलाने केला होता तो आईवडिलांना त्रास नको म्हणून, आणि त्या पानाने दाखवून दिले की त्या वाटेने त्रास नेमका त्यांच्याच दारात जाणार होता. त्या कुटुंबाने अर्ज केला नाही, लोकअदालतीत तडजोड केली.

म्हणून पहिली पायरी ही. मंजुरीपत्र, करारनामा, जामीनपत्र आणि तारण दिले असल्यास त्याचे कागद यांच्या प्रती बँकेकडे लेखी अर्ज करून मागवाव्यात. प्रत्येक सही कोणाची आणि कोणत्या नात्याने केलेली आहे, म्हणजे कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार, हे कागदावर लिहून काढावे. आईवडील स्वतःही फेडण्याच्या स्थितीत नसतील, तर त्यांना आपापला स्वतंत्र अर्ज करता येतो आणि संयुक्त कर्जदारांचे अर्ज एकत्र चालवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. राहते घर तारण असेल तर मात्र नादारीने ते वाचत नाही. तारण असलेल्या धनकोचा, म्हणजे देणे ज्याला द्यायचे त्याचा, तारणावरचा हक्क नादारीच्या आदेशानंतरही अबाधित राहतो.

अर्जाआधी जे करून पाहायला हवे

कर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. त्याआधी शाखेला लेखी विनंती केली तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते, कारण आदर्श योजनेत अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष सोडून १५ वर्षांपर्यंत परतफेड बसवता येते. आठ लाखांचे कर्ज १० टक्के दराने १० वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,५७० रुपये येतो, आणि १५ वर्षांत फेडायचे तर सुमारे ८,६०० रुपये. घरभाडे आणि लोकलचा पास काढून उरणाऱ्या पगारात या दोन हजारांचा फरक कधीकधी निर्णायक ठरतो. एकूण व्याज वाढते हे खरे, पण आज घर चालवायचे असेल तर तो सौदा विचारात घ्यावा.

खाते अनुत्पादक झाले असेल तर एकरकमी तडजोडीचा, म्हणजे ठरलेली रक्कम भरून कर्ज मिटवण्याचा, प्रस्ताव द्यावा. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये अशा तडजोडींची चौकट घालून दिलेली आहे आणि प्रत्येक बँकेला त्यासाठी आपले धोरण ठेवावे लागते. तडजोडीची प्रत्येक अट बँकेच्या लेटरहेडवर मागावी. फोनवर झालेल्या बोलण्यावर एक रुपयाही भरू नये, कारण तो हप्त्यात जमा होतो आणि तडजोड मागे पडते. तडजोड झालेल्या खात्यासमोर पतअहवालात तशी नोंद राहते आणि पुढचे कर्ज अवघड होते, हेही कुटुंबाला आधीच सांगून ठेवावे.

लोकअदालत ही माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी जागा आहे. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते आणि दावा दाखल होण्याआधीची प्रकरणेही तिच्यात घेतली जातात. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देता येतो. तिथे झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे, म्हणजे वसुली करता येईल अशा निकालाचे, बळ असते आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे झेपणार नाहीत असे हप्ते भिडेखातर कबूल करू नयेत. सहकर्जदार आईवडिलांनाही त्याच तडजोडीत नावानिशी घ्यावे आणि रक्कम भरल्यावर सर्वांची जबाबदारी संपेल असे वाक्य त्यात असल्याची खात्री करावी. नादारीच्या अर्जाला जे साधत नाही, ते या एका वाक्याने साधते.

याच काळात वसुली करणाऱ्यांचे फोन सुरू असतात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि शेजारी, नातेवाईक किंवा कार्यालयातील सहकारी यांच्यासमोर मानहानी करणे हेही नियमाबाहेरचे आहे. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. बँकेकडे लेखी तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. १४४४८ हा त्यांचा चौकशीचा क्रमांक आहे. बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपर्यंत जाण्याची त्यासाठी गरज नाही.

कर्ज थकणे हा गुन्हा नाही. प्रामाणिकपणे फेडू न शकणाऱ्याला केवळ हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितले आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करण्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ ने मनाई आहे. बँकेला दिलेला धनादेश न वटणे ही गोष्ट वेगळी. तो फौजदारी खटला होऊ शकतो आणि नादारीच्या अर्जाने तो थांबेल असे गृहीत धरू नये. म्हणून खात्यात पैसे नसताना कोरे किंवा पुढच्या तारखेचे धनादेश देऊ नयेत.

एक सावधगिरी सहीबाबत. विनातारण कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत कर्ज कबूल असल्याच्या कागदावर सही केली, किंवा कर्जदाराच्या हस्ताक्षरातील वा सहीच्या नोंदीने काही रक्कम भरली, की मुदत नव्याने सुरू होते. शाखेत पुढे केलेला प्रत्येक कागद वाचून, त्याची प्रत घेऊनच सही करावी.

अर्ज कोणत्या न्यायालयात

तुम्ही जिथे नेहमी राहता, व्यवसाय करता किंवा पोटापाण्यासाठी स्वतः काम करता, त्या हद्दीतील न्यायालयात अर्ज करावा लागतो. मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाचा असतो, शासनाने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयातही अर्ज चालू शकतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी या भागांसाठी जिल्हा न्यायालय ठाण्यात कोर्ट नाक्याला आहे. नवी मुंबईत मात्र नेहमी चूक होते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे नोड ठाणे जिल्ह्यात आहेत, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरचा माणूस स्वतःला नवी मुंबईकर म्हणतो, पण त्याचे जिल्हा मुख्यालय अलिबाग आहे. बेलापूर आणि खारघर यांच्यामध्ये लोकलचे एकच स्थानक बदलते आणि जिल्हा बदलतो. भाडेकरारावरचा पत्ता, आधारवरचा पत्ता आणि नोकरीचे ठिकाण वेगवेगळ्या जिल्ह्यांत असतील तर कोणत्या आधारावर हद्द दाखवायची हे वकिलाबरोबर आधीच ठरवावे, नाहीतर अर्ज हद्दीच्या मुद्द्यावर परत येतो आणि काही महिने वाया जातात.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करावा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

अर्जात काय लिहायचे

अर्ज करण्यासाठी दोन गोष्टी हव्यात. देणी फेडण्यास असमर्थ असणे ही पहिली. दुसरी म्हणजे देणी किमान ५०० रुपयांची असणे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक अथवा जप्तीचा आदेश झालेला असणे. ५०० ही १९२० ची रक्कम आहे आणि ती कधीच वाढवलेली नाही, त्यामुळे खरी कसोटी असमर्थतेचीच राहते. ती सिद्ध करण्यासाठी पगारपत्रके, नोकरी गेल्याचे पत्र, आजारपणाचे कागद, गेल्या काही वर्षांची बँक विवरणे आणि आयकर विवरणपत्रे जोडावीत.

कलम १३ नुसार अर्जात ही माहिती द्यावी लागते : फेडण्यास असमर्थ असल्याचे निवेदन, राहण्याचे ठिकाण, प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम, स्वतःच्या सर्व मालमत्तेचे वर्णन, किंमत आणि ती कुठे आहे ते, ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी, आणि पूर्वी असा अर्ज केला होता की नाही. धनकोंच्या यादीत फक्त शैक्षणिक कर्ज लिहून चालत नाही. क्रेडिट कार्ड, मोबाइलवर घेतलेले झटपट कर्ज, पतपेढीचे कर्ज, मित्राचे हातउसने, भिशीची बाकी, सगळे लिहावे लागते. सुटलेल्या धनकोला पुढे हरकत घेण्याची संधी मिळते.

मालमत्तेच्या यादीची घरात सर्वांत जास्त भीती असते, म्हणून ती नीट समजावून सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जी मालमत्ता जप्त होऊ शकत नाही, ती नादारीतही सुटते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्री अंगावरून काढू शकत नाही असे दागिने, कारागिराची हत्यारे, भविष्यनिर्वाह निधी, सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विम्याच्या पॉलिसीची रक्कम यांना हे संरक्षण आहे. कोपरखैरण्यातल्या एका मुलीने आईचे मंगळसूत्र यादीत लिहून त्यापुढे वजनही घातले होते. आईचे दागिने हे मुलीच्या मालमत्तेत येत नाहीत, आणि मंगळसूत्र तर कोणाच्याच यादीतून जप्त होत नाही. ती ओळ आम्ही खोडली. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, दुचाकी, मुदत ठेव, शेअर आणि वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा मात्र लिहावाच लागतो, गावाकडची जमीन सातबाऱ्यावर अजून आजोबांच्या नावे असली तरी आपला हक्क असेल तर तोही.

पगाराचे गणितही माहीत असावे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग जप्त होत नाही. २८,००० रुपये पगार असेल तर १९,००० सुटतात आणि जास्तीत जास्त ९,००० जप्त होऊ शकतात.

अर्जाआधी मालमत्ता हलवू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. आपल्याकडे पती, पत्नी किंवा मुलांना राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र असते, त्यामुळे फ्लॅट पत्नीच्या नावे करून टाकावा असा सल्ला सोसायटीच्या आवारातही मिळतो. नादारीचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेले असे हस्तांतर कलम ५३ खाली रद्द होऊ शकते. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकते माप देऊन फेड केली असेल, उदाहरणार्थ मामाचे दोन लाख आधी परत केले, तर तीही कलम ५४ खाली उलटवता येते. त्याहून मोठे नुकसान असे, की अशा गोष्टी उघड झाल्यावर शेवटी मुक्तता मिळणे अवघड होते.

आदेशानंतरचे दिवस

अर्ज दाखल झाल्यावर न्यायालय तारीख लावते आणि धनकोंना नोटिसा जातात. सुनावणीत तुमची शपथेवर तपासणी होते आणि बँकेचा वकील उलटतपासणी घेतो. पैसे कुठे गेले, नोकरी का सोडली, मोबाइल कधी घेतला, असे प्रश्न येतात, आणि खरे तेच, थोडक्यात सांगावे. अटकेची भीती असेल तर नादार ठरल्यावर संरक्षणाचा आदेश मागता येतो. न्यायालयाची खात्री पटली की नादार ठरवणारा आदेश होतो आणि मुक्ततेसाठी कधीपर्यंत अर्ज करायचा ती मुदत त्याच आदेशात लिहिली जाते. ती तारीख कॅलेंडरवर, मोबाइलवर आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर लिहून ठेवावी. त्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही तर नादारीचा आदेश रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा मोकळे होतात. ही एक चूक करून अनेकांनी वर्षांची मेहनत घालवलेली आहे.

आदेशानंतर न सुटणारी सर्व मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या, म्हणजे मालमत्ता सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीच्या, ताब्यात जाते, आणि विनातारण धनकोला न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा करता येत नाही. मुक्तता मिळेपर्यंत जे काही नवे मिळेल, वारसाहक्काने आलेली रक्कम धरून, तेही रिसीव्हरकडे जाते. या काळात आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून ५० रुपये किंवा अधिक उधार घेणे हा कलम ७२ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. ही रक्कमही १९२० चीच आहे, त्यामुळे किराणा दुकानाची वहीसुद्धा तिच्यात येते, आणि क्रेडिट कार्ड वापरणे पूर्ण थांबवावे लागते. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत निवडून येण्यासही बंदी येते, त्यामुळे नगरसेवकपदाची इच्छा असणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

नादार ठरल्यानंतरही धनकोंसमोर तडजोडीची योजना ठेवता येते. धनकोंच्या संख्येने बहुमत आणि देण्यांच्या रकमेने तीनचतुर्थांश अशा संमतीने आणि न्यायालयाच्या मंजुरीने ती सर्वांवर बंधनकारक होते. नोकरी पुन्हा लागली असेल तर हा पर्याय गंभीरपणे पाहावा.

मुक्ततेच्या अर्जावर न्यायालय तुमचे वागणे तपासते. कलम ४२ मध्ये असा नियम आहे की मालमत्तेतून विनातारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणे, म्हणजे निम्मी रक्कमही उभी राहत नसेल, तर पूर्ण मुक्तता नाकारावी, मात्र ती स्थिती तुमच्या दोषाशिवाय आलेली असेल तर हा नियम आड येत नाही. शैक्षणिक कर्जदाराकडे बहुधा आठ आणेही नसतात, त्यामुळे संपूर्ण लढाई या अपवादावर असते. प्रवेश घेताना नोकरीची वाजवी अपेक्षा होती, अभ्यासक्रम पूर्ण केला, नोकऱ्यांसाठी अर्ज केले, आजारपण आले किंवा महाविद्यालयाची मान्यता गेली, हे कागदाने दाखवावे लागते. नोकरीसाठी पाठवलेल्या अर्जांचे ईमेल आणि आलेले नकार जपून ठेवा. एरवी निराश करणारे ते नकार इथे तुमच्या बाजूचा पुरावा असतात. न्यायालय मुक्तता पूर्ण देऊ शकते, पुढे ढकलू शकते, किंवा भावी उत्पन्नाचा काही भाग भरण्याच्या अटीवर देऊ शकते.

सरकारी बँकेचे कर्ज म्हणजे सरकारचे देणे, असा आक्षेप काही वेळा घेतला जातो. बँक ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, त्यामुळे त्या आक्षेपाला उत्तर आहे. एखाद्या शासकीय महामंडळाकडून थेट कर्ज घेतले असेल तर त्याच्या वसुलीच्या तरतुदी वकिलाला वेगळ्याने दाखवाव्यात.

मुक्ततेचा आदेश हातात आल्यावर

आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल किमान तीन प्रतींत काढावी. एक शाखेला पोचपावती घेऊन द्यावी, एक पतमाहिती कंपनीकडे नोंद दुरुस्त करण्याच्या अर्जासोबत जोडावी आणि एक घरी ठेवावी. पतमाहितीबद्दलची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे, म्हणून तक्रारीची तारीख आणि क्रमांक नोंदवून ठेवावा. तडजोडीने कर्ज मिटवले असेल आणि घराचे कागद बँकेकडे असतील, तर पूर्ण रक्कम चुकती झाल्यापासून ३० दिवसांत ते परत करण्याचे बंधन बँकेवर आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ते कागद घेताना मूळ यादीशी एकेक पान ताडून पाहावे, विशेषतः सोसायटीचे शेअर प्रमाणपत्र आणि सिडकोच्या घरांच्या बाबतीत भाडेपट्टा करार, आणि मगच बँकेच्या पोचपावतीवर सही करावी.